एका माळावरच्या तीन शाळा

१९०९ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने मोडीत काढलेली एक निवासी शाळा मिनेसोटा राज्याला देऊन टाकली. इमारती आणि भोवतालची जमीन यांचे मोल घेतले नाही, पण एक अट घातली. या जागेवर राज्य जी शाळा चालवील, तिच्यात मूळनिवासी मुलांना, म्हणजे सरकारी कागदांत तेव्हा सर्रास ‘इंडियन’ म्हणून ज्यांची नोंद होई त्यांच्या मुलांना, कायम फी न घेता आणि गोऱ्या मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे. राज्याच्या विधिमंडळाने ती अट मान्य केली. पुढे त्या जागेवरची शाळा बदलली, मग शाळेची जागा विद्यापीठाने घेतली. अट मात्र आजही लागू आहे.

ते विद्यापीठ म्हणजे मिनेसोटा विद्यापीठाचे मॉरिस येथील आवार. मिनेसोटा विद्यापीठाची राज्यात पाच आवारे आहेत. त्यांतले मिनीआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांतले मुख्य आवार अवाढव्य आहे. तिथे पन्नास हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. मॉरिसमध्ये अलीकडच्या वर्षांत ही संख्या हजाराच्या आसपास आहे. इथे पीएचडी नाही, एम.ए. नाही, वैद्यकीय किंवा विधी महाविद्यालय नाही. फक्त चार वर्षांची पदवी, आणि तीही लिबरल आर्ट्स पद्धतीची. सरकारी पैशावर चालणारे, छोटे, निवासी आणि सर्व विद्यांना एका छपराखाली घेणारे असे विद्यापीठ अमेरिकेतही विरळाच.

या आवाराने आजवर तीन शाळा पाहिल्या. पहिली मूळनिवासी मुलांची भाषा आणि चालीरीती पुसून टाकण्यासाठी काढली होती, दुसरी शेतकऱ्यांच्या मुलांना चांगले शेतकरी करण्यासाठी आणि तिसरी म्हणजे आजचे विद्यापीठ. कोणाच्या मुलाने काय शिकायचे हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाला तिन्हींनी वेगवेगळी उत्तरे दिली. त्यासाठी मला मॉरिसची गोष्ट महत्त्वाची वाटते.

गाव मिनीआपोलिसपासून पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. चहूकडे सपाट माळ, त्यावर मका आणि सोयाबीनची शेते, मध्येच तळी आणि जवळून वाहणारी पॉम द तेर नावाची लहानशी नदी. वाऱ्याला आडोसा नाही. जानेवारीत रात्रीचे तापमान उणे २५ अंशांच्या खाली जाते तेव्हा वसतिगृहातून वर्गापर्यंतची काही मिनिटांची चालही सोपी राहत नाही. १८७१ मध्ये रेल्वे आली आणि तिच्यासोबत गाव वसले. रेल्वेच्याच एका अभियंत्याचे आडनाव त्याला मिळाले. त्याआधी हा माळ दाकोटा आणि अनिशिनाबे, म्हणजेच ओजिब्वे, या लोकांचा होता.

माळ त्यांच्या हातून कसा गेला, हे सांगितल्याशिवाय पहिली शाळा समजत नाही. १८५१ च्या करारांनी दाकोटांनी मिनेसोटाच्या दक्षिण आणि पश्चिम भागातली प्रचंड जमीन सरकारला दिली. बदल्यात ठरलेले पैसे आणि धान्य वेळेवर मिळेना, उपासमार सुरू झाली, आणि १८६२ च्या उन्हाळ्यात युद्ध पेटले. काही आठवड्यांत सरकारने ते मोडून काढले. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो गावी ३८ दाकोटा पुरुषांना एकाच वेळी फासावर चढवले. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. पुढच्या वर्षी कायदा करून दाकोटांना राज्याबाहेर घालवण्यात आले. याच १८६२ साली मॉरिल कायदाही झाला. त्या कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून राज्यांनी विद्यापीठांचे भांडवल उभे केले. मिनेसोटा विद्यापीठाला मिळालेल्या जमिनींत दाकोटांच्या जमिनी होत्या. मूळनिवासी समाज आणि विद्यापीठ यांच्यातल्या या जमाखर्चाचा तपशीलवार अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८८७ मध्ये मदर मेरी जोसेफ लिंच यांच्या पुढाकाराने सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक जोगिणींच्या संघाने मॉरिसला मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. त्या काळात अशा शाळांचे पीक आले होते. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये घालून दिलेला नमुना सगळीकडे गिरवला जात होता. मूल घरापासून शेकडो मैल दूर न्यायचे, त्याचे केस कापायचे, नाव बदलायचे, त्याच्या भाषेवर बंदी घालायची. दिवसाचा अर्धा भाग वर्गात आणि अर्धा कामात. मुलांनी शेती आणि सुतारकाम करायचे. मुलींनी धुणे, शिवण आणि स्वयंपाक. शिकवणे आणि शाळा चालवणे हे दोन्ही मुलांच्याच श्रमांवर भागत असे. मॉरिसला येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ नॉर्थ डकोटातल्या टर्टल माउंटनच्या ओजिब्वे वस्तीतून येत.

याच वर्षांत मराठी माणसे अमेरिकेत होती आणि तिथले शिक्षण बारकाईने पाहत होती. आनंदीबाई जोशी यांनी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि पुढे १८८८ अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या. तिथल्या लोकस्थितीवरचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये निघाले. आनंदीबाई बाहेर पडल्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच महाविद्यालयात ओमाहा जमातीची एक तरुणी दाखल झाली. सुझन ला फ्लेश तिचे नाव. १८८९ मध्ये वर्गात पहिली येऊन ती डॉक्टर झाली, मूळनिवासी स्त्रियांतली पहिली. गावी परतून तिने आयुष्यभर आपल्या लोकांवर उपचार केले. तिचे आधीचे शिक्षण हॅम्प्टनच्या शाळेत झाले होते. तिथेही मूळनिवासी मुलामुलींना हातकामाचे धडे देण्यावरच भर होता. सुझनला पुढची दारे उघडी झाली ती तिची बुद्धी ओळखणारी काही माणसे भेटली म्हणून. बाकीच्या हजारो मुलींच्या हाती धुण्याचे पिंपच राहिले. मॉरिसच्या पहिल्या शाळेबद्दल वाचताना सुझनची आठवण मला सतत येते, कारण त्या मुलांत आणखी कितीजण डॉक्टर होऊ शकले असते हे शोधण्याची त्या शाळेत सोयच नव्हती.

धार्मिक संस्थांच्या शाळांना मिळणारे सरकारी अनुदान १८९० च्या दशकात आटत गेले. जोगिणींनी शाळा सोडली आणि ती केंद्र सरकारकडे गेली. सरकारने आणखी इमारती बांधल्या. १८९९ मध्ये बांधलेले मुलांचे वसतिगृह तेवढे आज उभे आहे. १९०९ मध्ये सरकारने शाळा बंद केली.

या शाळांचा पूर्ण हिशेब मांडायला अमेरिकेला शंभरहून अधिक वर्षे लागली. अंतर्गत व्यवहार खात्याच्या तेव्हाच्या मंत्री डेब हालँड या स्वतः लगूना प्वेब्लो समाजातल्या. त्यांच्या पुढाकाराने झालेल्या चौकशीचा पहिला अहवाल मे २०२२ मध्ये आला. त्यात अशा ४०८ शाळांची नोंद होती. २०२४ च्या दुसऱ्या अहवालाने शाळांत मरण पावलेल्या किमान ९७३ मुलांची मोजदाद केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

१९०९ च्या अटीकडे पुन्हा वळू. ती घालणाऱ्यांच्या मनात पश्चात्ताप होता असे मानायला फारसा आधार नाही. मूळनिवासींसाठी म्हणून उभारलेली मालमत्ता राज्याला देताना त्या समाजाचा काही हक्क राखून ठेवावा, एवढाच हेतू असावा. पण कायद्यात एकदा आलेले वाक्य लिहिणाऱ्यांच्या हेतूपेक्षा दीर्घायुषी ठरू शकते. या वाक्यात ‘कायम’ आणि ‘बरोबरीने’ हे दोन शब्द होते.

१९१० मध्ये त्या जागेवर दुसरी शाळा सुरू झाली, वेस्ट सेंट्रल स्कूल ऑफ ॲग्रिकल्चर. शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी माध्यमिक पातळीची निवासी कृषिशाळा. खेड्यांत तेव्हा हायस्कुले कमी होती आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत मुलाला घरून सोडणे कोणाला परवडत नसे. म्हणून शाळेचे वर्षच शेतीच्या कामांभोवती बेतले होते. ऑक्टोबरात सुगी आटोपली की मुले येत, मार्चअखेर परत जात आणि उन्हाळ्यात घरच्या शेतावर एखादा प्रकल्प करत. मुलांना पिके, जनावरे, यंत्रे, मुलींना गृहविज्ञान. या शाळेने तिच्या काळात पश्चिम मिनेसोटातल्या शेतीचे खरोखर भले केले. आजच्या आवाराचे देखणेपण ही तिचीच देणगी आहे. राज्याचे वास्तुविशारद क्लॅरेन्स जॉन्स्टन यांनी विटांच्या भक्कम इमारती रेखल्या, मोरेल आणि निकल्स या जोडीने मध्ये हिरवळीचे मोकळे मैदान ठेवून त्या भोवतीने मांडल्या. तो सगळा परिसर आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे.

तरीही तिची मर्यादा स्पष्ट होती. शेतकऱ्याचा मुलगा शेतकरीच होणार, त्याची बहीण शेतकऱ्याची बायको होणार, हे गृहीत धरून अभ्यासक्रम आखलेला होता. पहिल्या शाळेतल्यासारखी सक्ती इथे नव्हती, दुष्टपणाही नव्हता. पण मुलाने काय व्हायचे हा निर्णय इथेही मूल दारात येण्याआधीच झालेला असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी हायस्कुले झाली, शाळांच्या बस धावू लागल्या आणि कृषिशाळेची गरज ओसरली. आवार बंद पडेल ही भीती मॉरिसकरांना वाटू लागली. गावातले डॉक्टर, दुकानदार, शेतकरी एकत्र आले. इथे महाविद्यालय काढा, आमची मुले जोडशहरांचा खर्च पेलू शकत नाहीत, असा तगादा त्यांनी विधिमंडळ आणि विद्यापीठाकडे लावला. मॉरिसचेच फ्रेड बेमलर राज्याच्या सिनेटमध्ये होते. त्यांनी ही मागणी लावून धरली. आज आवारातल्या मुख्य इमारतीला त्यांचे नाव आहे. मागणी मान्य झाली आणि सप्टेंबर १९६० मध्ये पहिल्या वर्षाचा वर्ग भरला. सुमारे २४० विद्यार्थी आणि शिक्षक बोटांवर मोजण्याइतके. कृषिशाळेचे शेवटचे वर्ग १९६३ पर्यंत त्याच आवारात चालू होते, त्यामुळे तीन वर्षे दोन शाळा एकत्र नांदल्या.

नव्या महाविद्यालयाचे पहिले प्रमुख रॉडनी ब्रिग्ज हे कृषिशाळेचे अधीक्षक होते, पिकांचे शास्त्रज्ञ. माळावरच्या या गावात शेतीचे किंवा तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय काढणे सगळ्यांत सोपे होते. ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोपा मार्ग घेतला नाही. तत्त्वज्ञान, गणित, संगीत, रसायनशास्त्र, इतिहास, साहित्य हे सगळे, आणि तेही उत्तम दर्जाचे, इथेच शिकवायचे असे त्यांनी ठरवले. एका शेतीशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी तत्त्वज्ञानाचा आग्रह धरावा, ही या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला-नृत्य असा समज होण्याचा संभव आहे, म्हणून थोडे खुलाशाने सांगतो. आपल्याकडे दहावीनंतर कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांतली एक शाखा धरावी लागते आणि बाकीची दारे बहुधा मिटतात. मॉरिसमध्ये पदवीसाठी १२० श्रेयांक लागतात. त्यांतले साधारण एक तृतीयांश मुख्य विषयाचे. उरलेल्यांत परकी भाषा, गणिती विचार, प्रयोगशाळेतले विज्ञान, इतिहास, कला, लेखन यांतून सर्वांना जावे लागते. संगणकशास्त्र घेतलेला मुलगा कविता वाचतो, इतिहास घेतलेली मुलगी प्रयोगशाळेत उभी राहते. वर्ग लहान असतात, दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक. एम.ए., पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकांच्या संशोधनात मदतनीस म्हणून पदवीचीच मुले लागतात, आणि एकविसाव्या वर्षी खऱ्या संशोधनाचा अनुभव त्यांच्या गाठीला येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आणि बहुविद्याशाखीय शिक्षण हे शब्द महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतही ऐकू येऊ लागले आहेत. ज्या प्राध्यापकांवर ती योजना राबवण्याची जबाबदारी आहे, त्यांनी मॉरिससारख्या ठिकाणचे आकडे पाहावेत. एका वर्गात किती मुले आहेत, यावर या पद्धतीचे यश फार अवलंबून असते.

अमेरिकेत हे शिक्षण परंपरेने खाजगी महाविद्यालयांनी दिले. मिनेसोटातच कार्लटन आणि मॅकॅलेस्टर ही नामवंत महाविद्यालये आहेत. त्यांची वर्षाची फी आता साठ हजार डॉलरच्या पुढे आहे. मॉरिसची फी त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. सरकारी पैशावर हेच शिक्षण द्यायचे असे मानणाऱ्या संस्थांनी १९८७ मध्ये आपली संघटना केली. मिझुरीतले ट्रूमन विद्यापीठ, नॉर्थ कॅरोलायनातले ॲशव्हिल, वॉशिंग्टन राज्यातले एव्हरग्रीन ही तिच्यातली काही नावे. ट्रूमन मुळात १८६७ साली शिक्षक घडवणारी शाळा म्हणून सुरू झाले आणि १९८५ च्या कायद्याने लिबरल आर्ट्सकडे वळले. बहुतेकांची कूळकथा अशीच आहे, आधी काहीतरी वेगळे आणि मग हे.

मॉरिसमधले रोजचे जीवन लहान गावातल्या जीवनासारखे आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. करमणूक बाहेर मिळत नाही, म्हणून ती आपली आपणच करावी लागते. आवाराचे रेडिओ केंद्र, केयूएमएम, ८९.७ एफएम वर विद्यार्थीच चालवतात. जीवशास्त्राचा अभ्यास आटोपून रात्री कोणीतरी आपल्या आवडीच्या तबकड्या वाजवते आणि ते भोवतालच्या शेतांत ऐकू जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला जॅझ महोत्सव हे वर्षातले मोठे आकर्षण. वाद्यवृंदात बसणारी बरीच मुले संगीताची पदवी घेणारी नसतात, आणि तेच तिथले वैशिष्ट्य. नाटके आणि मैफिली होतात ती मानव्यविद्या आणि ललितकला इमारत मिनेसोटाचे ख्यातनाम वास्तुविशारद राल्फ रॅप्सन यांची. पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा गाव आणि विद्यापीठ मिळून वापरतात. फुटबॉलचे मैदान गावच्या हायस्कुलाशी सामाईक आहे.

खेळाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी, विशेषतः कुस्तीवर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकांना. अमेरिकेतल्या विद्यापीठांत महिलांचा अधिकृत कुस्ती संघ पहिल्यांदा मॉरिसने उभा केला, १९९३ मध्ये. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कुस्त्या सुरू झाल्या त्या २००४ साली, अकरा वर्षांनी. ज्या आवारात एकेकाळी मुलींना शिवण आणि गृहविज्ञानापलीकडे काही शिकवण्याचा विचार नव्हता, तिथे मुलींसाठी मॅट अंथरली गेली.

आणि वारा. शतकभर ज्याला सगळे वैतागले तो वारा आता कामाला लावला आहे. आवाराशेजारी कृषिशाळेच्या वारशातून राहिलेले शेती संशोधन केंद्र आहे. २००५ मध्ये तिथे १.६५ मेगावॉटची पवनचक्की उभी राहिली. तिच्या पात्यांचा घेर ८२ मीटर व्यासाचा. २०११ मध्ये तशीच दुसरी आली. दोन्ही मिळून आवाराच्या विजेची निम्म्याहून अधिक गरज भागवतात. इमारती तापवण्यासाठी दाणे काढून उरलेली मक्याची कणसे आणि तत्सम शेतकचरा जाळणारे संयंत्र बसवले गेले. २०१३ पासून त्या केंद्रात आणखी एक प्रयोग चालू आहे, आणि त्याचे मोल माझ्या मते फार मोठे आहे. मक्याला नत्र लागते. नत्रखतासाठी अमोनिया लागतो आणि जगभर तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर सुटतो. मॉरिसच्या प्रायोगिक संयंत्रात वाऱ्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करतात, हवेतून नायट्रोजन घेतात आणि दोन्हींचा अमोनिया करतात. म्हणजे शेतावरचा वारा शेतालाच खत पुरवतो. पर्यावरणाचा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना हा सगळा पसारा वर्गापासून चालण्याच्या अंतरावर मिळतो.

या सगळ्याखाली १९०९ ची अट होती. कृषिशाळा मुख्यतः गोऱ्या शेतकरी कुटुंबांची राहिली. अटीत खरा जीव आला तो विद्यापीठाच्या काळात. १९६८ मध्ये मिनीआपोलिसमध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट ही संघटना स्थापन झाली, पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठात मूळनिवासी अध्ययनाचा देशातला पहिला विभाग निघाला, आणि मूळनिवासी तरुणांचा ओघ विद्यापीठांकडे वळू लागला. मॉरिसमध्ये त्यांची संघटना झाली. ती दरवर्षी पाववाव, म्हणजे नाचगाण्यांचा मेळावा, भरवते. ढोलाभोवती बसून गाणारे गट, पिसांचे आणि घुंगरांचे वेश केलेले नर्तक, आणि आसपासच्या राज्यांतून आलेले आजी-आजोबा. या दिवशी सगळे गाव लोटते. विद्यार्थी भवनातल्या सभागृहाचे नाव ओयाते, दाकोटा भाषेत लोक किंवा राष्ट्र. तिथल्या उपाहारगृहाचे नाव टर्टल माउंटन, पहिल्या शाळेतली पुष्कळ मुले जिथून आणली होती ते ठिकाण.

आज मॉरिसच्या विद्यार्थ्यांत दर चौघांमागे एक किंवा त्याहून अधिक मूळनिवासी आहेत. मूळनिवासी अध्ययनात तिथे पदवी घेता येते. दाकोटा आणि अनिशिनाबे भाषा शिकवल्या जातात. ज्या भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, त्या भाषांत आता त्याच आवारात परीक्षा होतात आणि गुण मिळतात. १८९९ चे ते वसतिगृह पाडायचे की ठेवायचे, याबद्दल माझे मत पक्के आहे: ठेवलेच पाहिजे. विद्यापीठाने ते ठेवले. १९८४ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आले आणि आज त्यात विविध समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठीचे केंद्र आहे. त्या शाळेच्या काळातली कागदपत्रे शोधणे, वंशजांशी बोलणे हे कामही चालू राहिले आहे. ते पूर्ण व्हायला वेळ लागेल, कारण शाळेची कागदपत्रे सरकारी दप्तरखान्यांत विखुरलेली आहेत आणि स्मृती कुटुंबांत.

फीमाफी म्हणजे सगळा खर्च माफ असे मात्र नाही. राहणे, जेवण, पुस्तके यांचे पैसे द्यावेच लागतात आणि गरीब कुटुंबाला तेही जड जातात. शेकडो मैलांवरच्या वस्तीतून आलेला मुलगा हिवाळ्याच्या मध्यावर घरच्या आजारपणासाठी परत जातो आणि सत्र बुडते, असेही घडते. त्यासाठी खास सल्लागार, शिकवणीची सोय, आधीच्या विद्यार्थ्यांचा आधार हे सगळे उभे करावे लागते आणि त्याला पैसे लागतात. विद्यापीठाची एकूण विद्यार्थिसंख्या घटत असताना हे करणे अवघड आहे. ग्रामीण भागातली तरुणांची संख्याच कमी होत चालली आहे, आणि पदवी घेतल्याबरोबर कोणती नोकरी मिळेल हा प्रश्न पालक आता प्रवेशाआधी विचारतात. तो प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण पदवीधरांना आयुष्यात अनेकदा व्यवसाय बदलावा लागणार असेल, तर चार विषयांत नीट विचार करायला शिकलेल्या माणसाची बाजू भक्कम असते, असे मला मनापासून वाटते.

कोलोराडोत ड्युरँगो येथे फोर्ट लुईस महाविद्यालय आहे. त्याची कहाणी मॉरिसची जुळी म्हणावी अशी. तेही मूळनिवासींच्या निवासी शाळेतून निघाले, १९११ मध्ये राज्याकडे गेले आणि तशीच अट त्याच्याही पदरी आली. या दोन्ही अटी केंद्र सरकारने घातल्या, पण त्यांचा खर्च केंद्राने उचललेला नाही. तो राज्ये आणि या संस्था सोसतात. विद्यार्थी मात्र देशभरातून येतात. म्हणून या दोन राज्यांतले लोकप्रतिनिधी काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा विधेयक मांडतात, की या दोन संस्थांतल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या फीचा भार केंद्राने घ्यावा. ते अजून मंजूर झालेले नाही. या विद्यार्थ्यांच्या पणज्या-पणजोबांना घरापासून तोडून या माळावर ठेवण्यासाठी केंद्राने वर्षानुवर्षे आपल्या तिजोरीतून पैसे मोजले होते. त्यांच्या पतवंडांच्या फीसाठी तीच तिजोरी उघडायला हवी, आणि त्यासाठी आणखी एका विधेयकाची वाट पाहायला लागू नये.